पावसात मोटरसायकल: ब्रिटिश म्हणतात चला, अमेरिकन म्हणतात थांबा

प्रश्न असा आला आहे: "मी मूळचा साताऱ्याचा, सध्या लीड्सला नोकरीला आहे. ऑक्टोबरात ऑफिसातल्या मंडळींबरोबर मोटरसायकलने लेक डिस्ट्रिक्टला गेलो होतो. चार ब्रिटिश, दोन अमेरिकन आणि मी. कर्बी लॉन्सडेलला चहाला थांबलो तेवढ्यात पाऊस लागला. अमेरिकन म्हणाले, ओसरेपर्यंत थांबू. ब्रिटिश म्हणाले, मग मे महिन्यापर्यंत इथेच बिऱ्हाड करावं लागेल. शेवटी निघालो, हार्डनॉट पास हा घाट करून रात्री घरी आलो, पण दिवसभर दोन्हीकडून टोमणे चालूच होते. खरं कोणाचं? आणि मी कास, महाबळेश्वर भर पावसात बुलेटवर केलेला माणूस. मला या पावसात नवीन काय शिकायचं आहे?"

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो. बाकीचं गमतीचं आहे, ते एक वाक्य मात्र अंगाशी येणारं आहे.

मी कोल्हापूरचा. राजदूतवर आंबोलीचा घाट ऐन जुलैत इतक्या वेळा उतरलोय की पावसाचं मला कौतुक नव्हतं. इंग्लंडातल्या माझ्या पहिल्या नोव्हेंबरात शेफील्डहून स्नेक पासमार्गे ग्लॉसॉपला निघालो तेव्हा तुमच्यासारखंच मनात होतं: याला काय पाऊस म्हणायचं, नुसती भुरभुर. माथा पाचशे मीटरच्या वर, तिथपर्यंत मजेत गेलो. उतारावर लक्षात आलं की डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट जागेवर आहेत की नाहीत हे बघितल्याशिवाय कळत नाहीये. ग्लॉसॉपच्या सिग्नलला क्लच दाबायचा हुकूम डोक्यातून सुटला, बोटांपर्यंत पोचायला त्याला उशीर झाला. गाडीने गचका खाल्ला, बंद पडली, मी पाय टेकला तर तोही बधिर. गाडी आणि मी दोघेही सावकाश आडवे झालो. मागच्या व्हॅनमधला माणूस उतरला, गाडी उचलू लागला आणि म्हणाला, "झोपायला जागा बरी निवडलीस." ब्रिटिश थट्टेची माझी मुंज अशी लागली.

झालं काय होतं? आपला पावसाळा कोमट असतो. आंबोलीत चिंब भिजलो तरी हवा वीस-बावीस अंशांची, घाटातला वेग तीस-चाळीस, आणि दर दोन वळणांवर कुणीतरी भजी तळत असतं. इथे हवा आठ अंश आणि साध्या दुपदरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे ९७ किलोमीटर. हवामानखात्यांच्या वाऱ्याच्या गारठ्याच्या सूत्रात हे आकडे घाला, अंगाला लागणारं तापमान येतं साधारण एक अंश. तेही कोरड्या कातडीला. हातमोजा ओला असेल तर त्याहून वाईट. त्यामुळे पावसात घसरण्याची कला तुम्हाला आणि मला येते, गारठण्याची येत नाही. इथे आलेली आपली बहुतेक पोरं रस्त्याला कमी आणि थंडीला जास्त हरतात. अंग कुडकुडायला लागतं तीच पहिली सूचना, गाडी तेव्हाच बाजूला घ्यायची असते. कुडकुडणं थांबतं आणि आपण "आता बरं वाटतंय" म्हणतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता भांडणाकडे. मी तीन वर्षं नॉर्थ कॅरोलिनात होतो, ब्लू रिज पार्कवेच्या पायथ्याशी, आणि आता चौदा वर्षं उत्तर इंग्लंडात लोकांना मोटरसायकल शिकवतोय. दोन्हीकडच्या टवाळ्या पोटभर खाल्ल्या आहेत. माझं मत असं की दोघं एकाच शब्दावरून भांडतात, कारण त्यांच्या भाषेत दोन्हींना एकच 'रेन' म्हणतात. मराठी माणसाला हे एका वाक्यात सांगता येतं: ब्रिटनचा पाऊस म्हणजे झड आणि अमेरिकेचा पाऊस म्हणजे वळीव.

वळीव आला की आपल्याकडे शेतातला माणूसही काम टाकून आडोशाला पळतो. ढग काळेभोर, वारा सुटलेला, विजा, कधी गारा, आणि तासाभरात उघडीप. त्यात भिजत जाण्यात शौर्य नाही, मूर्खपणा आहे. झड लागली की मात्र कुणी थांबत नाही. इरलं, घोंगडं डोक्यावर घेऊन चिखलणी चालू राहते, कारण थांबायचं म्हटलं तर चार दिवस थांबावं लागेल. तुमच्यासोबतचे सहाही जण आपापल्या गावचं शहाणपण बोलत होते.

आकडे बघितले तर ब्रिटिशांची जरा पंचाईतच होते. लंडनला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, न्यूयॉर्कला त्याच्या दुपटीच्या आसपास. पावसाळी म्हणून बदनाम असलेलं मँचेस्टरसुद्धा साडेआठशेच्या घरात. हे मी एकदा आमच्या चहाच्या टपरीवर बोललो आणि दोन आठवडे मला कुणी बेकन सँडविच पाजलं नाही. (बेकन सँडविच पाजत नाहीत, खाऊ घालतात, पण त्यातून इतकी चरबी गळते की पाजतातच म्हणावं.) लेक डिस्ट्रिक्ट मात्र वेगळं प्रकरण आहे. बॉरोडेल खोऱ्यातल्या सीथवेट या वाडीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, इंग्लंडमधल्या वस्तीच्या जागांत सगळ्यात जास्त. तुम्ही त्या दिवशी त्याच डोंगररांगेत शिरला होतात.

फरक प्रमाणाचा नाही, पडण्याच्या रीतीचा आहे. अमेरिकन बसून राहतो तो पाण्याला भिऊन नाही, विजेला भिऊन. २०१९ च्या जूनमध्ये फ्लोरिडात आय-९५ महामार्गावर चालत्या मोटरसायकलवर वीज पडली, चालक जागीच गेला. तिकडच्या प्राथमिक शिकवणीच्या वर्गात पाऊस पडला तरी मैदानावर गाड्या फिरत राहतात. वीज चमकली की सगळे आत. आमच्याकडे, म्हणजे ब्रिटनमध्ये, परीक्षा बर्फ, धुकं किंवा जोराचा वारा असेल तर पुढे ढकलतात, पावसासाठी नाही. ताशी ५० किलोमीटरवरून कचकन थांबायची परीक्षा ओल्या मैदानावरही द्यावीच लागते. माझे विद्यार्थी आभाळाकडे बघून रडकुंडीला येतात, मी सांगतो की उलट बरं झालं, लायसन मिळाल्यावर हेच हवामान मिळणार आहे.

आणखी एक गोष्ट ब्रिटिश सांगत नाहीत. "आम्ही थांबत नाही" यातला अर्धा भाग बाणा आणि अर्धा भाग कायदा आहे. मोटरवेच्या कडेच्या पट्ट्यावर अडचण असल्याशिवाय थांबायला बंदी आहे, आणि रेनकोट चढवणं ही अडचण नाही. त्यामुळे रेनकोट पाऊस लागल्यावर घालायचा नसतो, सर्व्हिसेस, म्हणजे मोटरवेवरचा थांबा, सोडण्याआधी, ढग बघून घालायचा. अमेरिकनांची सवय पुलाखाली थांबायची. तिकडे ती भयंकर सर्रास आहे आणि तिकडेही चूकच आहे: मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला पावसाच्या पडद्यातून पुलाखालच्या अंधारात उभी असलेली माणसं दिसत नाहीत. थांबायचं तर रस्ता सोडून थांबा, पेट्रोल पंपावर, हॉटेलात, कुणाच्या गोठ्यात.

टोमण्यांचा इतिहास जुना आहे, तो माहीत असला की गंमत येते. १९७१ पासून ईस्टरच्या सुट्टीत ब्रिटन विरुद्ध अमेरिका अशा सांघिक शर्यती भरायच्या, ब्रँड्स हॅच, मॅलरी पार्क आणि औल्टन पार्क या तीन ट्रॅकवर. ईस्टर म्हणजे इंग्लंडातला सगळ्यात बेभरवशाचा मोसम. घरचं मैदान आणि घरची हवा असल्यामुळे ब्रिटिशांनी सुरुवातीची वर्षं खाल्ली, अमेरिकेला पहिला सांघिक विजय मिळायला १९७५ उजाडलं. पण १९७२ साली कॅल रेबर्न नावाचा अमेरिकन जुनाट लोखंडी इंजिनाची हार्ली घेऊन आला आणि कधी न पाहिलेल्या ट्रॅकवर सहापैकी तीन शर्यती जिंकून गेला. म्हातारे ब्रिटिश अजून त्याचं नाव आदराने घेतात आणि लगेच "तेव्हा ऊन होतं" असं जोडतात.

अमेरिकनांच्या हातात मात्र त्याहून मोठा हुकूम आहे. २००८ साली इंडियानापोलिसला मोटोजीपीची शर्यत होती, आणि आइक चक्रीवादळाचं शेपूट नेमकं त्याच दिवशी तिथे आलं. वारा, पाऊस, उडणारे कागद, तरी २८ पैकी २० फेऱ्या झाल्या. इटलीचा रॉसी जिंकला, दुसरा आला अमेरिकेचा निकी हेडन. दहा वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, ब्रिटिश ग्रां प्री सिल्व्हरस्टोनला होती. नव्याने डांबर टाकलेल्या ट्रॅकवरून पाणी उतरेना, आणि दिवसभर थांबून शर्यत एकही फेरी न होता रद्द झाली. म्हणजे पावसाचे पाटील म्हणवणाऱ्यांच्या गावातच पावसाने लग्न मोडलं. तुमच्या अमेरिकन सहकाऱ्यांना हे माहीत नसेल तर सांगून ठेवा, पुढच्या वेळी चहा त्यांच्याकडून.

कपड्यांच्या बाबतीत दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. मेण चोपडलेल्या सुती कापडाचं जॅकेट ही ब्रिटिशांची देणगी. बार्बरने १९३६ साली मोटरसायकलवाल्यांसाठी असं जॅकेट काढलं. १९६४ ला पूर्व जर्मनीतल्या एरफुर्टला सहा दिवसांच्या चिखलातल्या स्पर्धेत अमेरिकेचा संघ उतरला, त्यात नट स्टीव्ह मॅक्वीन होता, आणि अंगात तसलंच ब्रिटिश जॅकेट, खाली ब्रिटिश ट्रायम्फ. पण आज तुमच्या ब्रिटिश मित्रांच्या जॅकेटच्या आत जो पाणी अडवून घाम बाहेर सोडणारा पडदा असतो तो गोर-टेक्स, आणि तो निघाला अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये; बॉब गोर यांना ती युक्ती १९६९ साली सापडली. मेणाचं जॅकेट मी दहा वर्षं वापरलं. रुबाब जबरदस्त, वास ओल्या म्हशीचा. घरात टांगू देत नाहीत.

आता हातमोजे. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण पावसात गाडी चालवायची म्हणजे मुख्यतः हात कोरडे ठेवायचे. हातमोज्याचं मनगट जॅकेटच्या बाहीच्या आत घालायचं की बाहेर, यावर दोन्ही देशांत घरं फुटायची वेळ येते. ब्रिटिश म्हणतात आत, अमेरिकन म्हणतात बाहेर. मी दोन्हीकडे भिजून शोधलेलं उत्तर असं: तुमचं हँडल किती उंच आहे ते बघा. बहुतेक ब्रिटिश गाड्यांवर मनगट कोपरापेक्षा खाली असतं. पाणी बाहीवरून ओघळत मनगटाकडे येतं, आणि मोजा बाहेर असेल तर त्याचं नरसाळं होऊन सगळं पाणी बोटांत साचतं. उंच हँडलाच्या हार्लीवर मनगट कोपराच्या वर. पाणी उलटं, मोज्यावरून बाहीत शिरून काखेपर्यंत जातं, तिथे मोजा बाहेरच हवा. दोघंही बरोबर, दोघांनाही हे मान्य नाही. सिग्नलला हात खाली सोडून बोटं झटकून बघा. आत पाणी डुचमळतंय असं वाटलं तर तुमची बाजू चुकली आहे.

स्वस्तातला ब्रिटिश उपाय म्हणजे भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे, दोन मापं मोठे, चामड्याच्या मोज्यावरून चढवायचे. दिसायला विदूषक, पण दोन तास टिकतात. अमेरिकन यावर पोट धरून हसतात. हसू द्या. बुटात पावाच्या पिशव्या घालण्याचंही तसंच, हे आपल्याला नवीन नाही, आपण पाकीट आणि मोबाइल दुधाच्या पिशवीत घालून लहानाचे मोठे झालो. मांडीत, टाकीला टेकतो तिथे, पाण्याचं डबकं साचतं आणि कितीही महागाची पँट असली तरी तिथूनच आधी ओल येते. त्यावर मला आजवर उपाय सापडलेला नाही, दर दहा मिनिटांनी किंचित उठून पाणी सांडायचं एवढंच. हेल्मेटच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून पिनलॉकची दुसरी काच लावून घ्या. डाव्या मोज्याच्या अंगठ्यावर किंवा तर्जनीवर रबराची पट्टी असते, ती काच पुसायला आहे. डाव्या, कारण उजवा हात थ्रॉटलवर. माझे निम्मे विद्यार्थी ती शोभेची समजतात.

चालवण्याबद्दल थोडक्यात. चांगल्या टायरला ओल्या, स्वच्छ डांबरावर भरपूर पकड असते, लोक उगाच काचेवर चालल्यासारखे आखडतात. पकड जाते ती ठरावीक जागी. पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, ओली पानं, इंग्लंडातल्या डोंगरी रस्त्यांवरच्या गुरं अडवायच्या लोखंडी जाळ्या. आणि गोलचौकातलं डिझेल: इथे चौक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, टाकी काठोकाठ भरलेला ट्रक वळला की डिझेल बाहेरच्या बाजूला सांडतं. पंपाजवळच्या चौकात नाक उघडं ठेवा, डिझेल दिसण्याआधी वास येतो. अमेरिकेत याच्या जागी भेगा बुजवायला ओतलेल्या डांबराच्या काळ्या वळवळत्या रेघा, त्यांना ते साप म्हणतात आणि ओले असताना ते सापच असतात. तिथल्या सिमेंटच्या महामार्गांवर पाणी वाहून जायला बारीक चर पाडलेले असतात, त्यात पुढचं चाक डुलतं. डुलू द्यायचं, हँडल आवळायचं नाही.

ब्रेक दोन टप्प्यांत: आधी नुसता स्पर्श, पुढचा शॉक दबला की मग जोर. कोरड्यात पुढचा ब्रेक बराच जास्त लावायचा असतो, ओल्यात आम्ही पुढचा-मागचा जवळपास सारखा शिकवतो. अंतराचा हिशेब ब्रिटिश हायवे कोडमध्ये सरळ आहे: ६० मैलांच्या वेगावरून कोरड्यात थांबायला ७३ मीटर, ओल्यात किमान दुप्पट. पुढच्या गाडीपासून चार सेकंद ठेवा. तेवढी जागा दिसली की कुणीतरी मध्ये घुसतंच. पुन्हा चार सेकंद मागे.

थट्टेत तुम्ही कसं वागायचं, हेही तुम्ही आडून विचारलंय असं वाटलं. ब्रिटिश माणूस तुमची खेचायला लागला म्हणजे त्याने तुम्हाला टोळीत घेतलं. तो सभ्यपणे "छान चालवता हो" म्हणायला लागला तर काळजी करा. अमेरिकन तोंडावर कौतुक करतो, ते बहुधा खरंच असतं, त्यात खोच शोधू नका. त्यांचे ठरलेले बाण असे: ब्रिटिश म्हणतो, तुमची हार्ली ट्रेलरवर टाकून मेळाव्याला नेता. अमेरिकन म्हणतो, तुमच्या जुन्या ट्रायम्फखाली तेल गळत नसेल तर टाकीत तेल संपलंय, आणि तुमच्या लुकास कंपनीचे दिवे म्हणजे अंधाराचा राजा. ट्रेलरचा टोमणा अर्धा खोटा आहे. चोवीस तासांत हजार मैल करून बिल्ला मिळवणारे आयर्न बटचे लोक अमेरिकेतच आहेत आणि तेवढ्या वेळात पाऊस गाठतोच. तसे फेब्रुवारीच्या चिखलात तंबू ठोकून वेल्समधली ड्रॅगन रॅली करणारे ब्रिटिशही आहेत, १९६२ पासून. दोन्ही जातीची माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि दोघांच्याही बायका एकच वाक्य बोलतात.

तुमच्याकडे तिसरा पत्ता आहे, तो जपून वापरा. ट्रायम्फची स्पीड ४०० ही २०२३ पासून बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून निघते. त्याच वर्षी आलेली हार्ली एक्स४४० हीरो बनवते. नॉर्टन टीव्हीएसकडे आहे, आणि इंग्लंडातल्या रेडिचची रॉयल एनफिल्ड आता चेन्नईची. दोघंही रंगात आले की शांतपणे म्हणायचं, "भांडा, भांडा, गाड्या आम्ही बनवून पाठवतो."

आता त्या ऑक्टोबरच्या दिवसाचा निकाल. कर्बी लॉन्सडेलला लागली ती झड होती, त्यामुळे थांबून काही मिळालं नसतं. ओल्या कपड्यांत बसून अंग मात्र गारठलं असतं. तिथवर ब्रिटिश बरोबर. पण त्या झडीत हार्डनॉटला जाणं हा निव्वळ हट्ट होता. तिथे चढ तीनास एक आहे, रस्ता एका गाडीपुरता, वळणांत डांबर खरवडलेलं, आणि समोरून भाड्याच्या गाडीतला घाबरलेला पर्यटक आला तर तुम्हाला त्या चढावर एक पाय टेकून उभं राहावं लागतं, तेही बधिर पायावर. केंडलवरून ए५९१ पकडून विंडरमियर, ग्रासमियर करत केझिकला गेला असतात तर तोच पाऊस, तेच डोंगर, आणि वाटेत दर पाच-दहा मैलांवर छप्पर मिळालं असतं. पुढच्या वेळी डिकीत हातमोज्यांचा दुसरा कोरडा जोड ठेवा, आणि दुपारी जेवायला थांबाल तेव्हा पहिला बदलून तो घाला, पहिला ओला वाटत नसला तरी.